फागी आत्याचा न धुतलेला कोयता

आमच्या फागी आत्याशी कोणी वाद घालत नाही. घातलाच तर जेवायची वेळ टळते, वाद काही संपत नाही. मी खोडाळा-जव्हार जीप चालवतो. ती पुढच्या सीटवर बसली की माझा हॉर्नसुद्धा ऐकू येत नाही.

तिच्या घरची रीत अशी, की भात झोडायच्या आधी खळ्यावर कोंबडं द्यायचं आणि दाणा घरात येईपर्यंत तो कोयता धुवायचा नाही. दोन वर्षांमागे तिच्या पोराने, लाडक्याने, सकाळी सगळ्या पाड्यादेखत कोंबडं कापलं आणि कोयता कुडाच्या भिंतीत खोचला. त्याच दिवशी दिवेलागणीला शेजारच्या रोहिदासच्या डोक्यात कोणीतरी मागून वार केला. रोहिदास वाचला, पण मारणारा त्याला दिसला नाही. दुपारीच बांधावरून त्याचं नि लाडक्याचं वाजलेलं. पोलीस आले, बघतात तर कुडात रक्ताळलेला कोयता! झालं, लाडक्याला घेऊन गेले.

"अरं, कोंबड्याचं रगत हाय ते!" आत्या कोकलत राहिली. कोण ऐकतंय? बाया तोंडावर बोलायच्या, "आत्याने देवाला कोंबडं दिलं नि पोलिसांना पोरगं."

मीही चिडून म्हटलं, "धुतला असतास तर काय देव उपाशी राहिला असता?"

वाद घालायचा सोडून ती पदर तोंडाला लावून रडली. मला ते बघवेना.

दिपिका मॅडम म्हणजे कोर्टाने फुकट दिलेल्या वकील. त्यांनी सगळं ऐकलं आणि चक्क हसल्या. "मावशी, धुतला नाहीत तेच बरं केलंत. रक्त माणसाचं की कोंबड्याचं, ते लॅब सांगेल. फक्त धीर धरा."

धीर आणि आमची आत्या! दर तारखेला माझ्या जीपमध्ये ती लॅबच्या नावाने बोटं मोडायची. लाडक्या आतच.

शेवटी लॅबचे साहेब साक्षीला उभे राहिले. म्हणाले, कोयत्यावर सगळं कोंबड्याचं रक्त आहे, माणसाच्या रक्ताचा मागमूस नाही.

"वार करून कोयता धुतला, मग दुसरं कोंबडं कापलं असेल," सरकारी वकील म्हणाले.

"नाही. एकाच वेळचा थर आहे, जसाच्या तसा वाळलेला. त्याला पाणी लागलेलंच नाही."

कोयत्याशिवाय पुरावा होताच कुठे? जजसाहेबांनी लाडक्याला निर्दोष सोडलं.

"म्हणत व्हते ना मी!" आत्या अशी ओरडली की शिपाई दचकला. बाहेर आल्यावर तिने आधी लाडक्याच्या पाठीत धपाटा घातला, मग त्याला मिठी मारली. मी रडलो, सांगायला लाज कसली? खरा मारणारा पुढे सापडला, तो निराळाच.

यंदा खळ्यावर रोहिदास स्वतः कोंबडं घेऊन आला. लाडक्याने कापलं. रोहिदासने डोक्यावरचा व्रण खाजवत मुद्दाम विचारलं, "आत्या, कोयता धुऊन ठेवू का?"

"हात लावून तर बघ," आत्या म्हणाली, "कोर्टात खेचीन!"