चौथं तिकीट

सात वर्षांपूर्वीचा डिसेंबर, तिसरा शनिवार, संध्याकाळ. तळेगावजवळचं मोकळं मैदान. हजर — मी, आणि शाळेच्या कार्यालयातल्या माझ्या दोन सहकारी, शिल्पा आणि मेघना. गैरहजर — मेघनाचा नवरा, तापामुळे. आणि नंदा.

नंदाच्या नावापुढं मी कारण लिहिलं नव्हतं. ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

मी याद्या करणारी बाई. लोणावळ्यातलं घर, कार्यालय, मुलीचं लग्न — सगळं यादीवर चाललं. मग तो रॉक बँड आपल्या मावळात येणार म्हटल्यावर यादी कोण करणार? तिकिटं, गाडी, स्वेटर, पाण्याच्या बाटल्या. गाडीत जागा चार. तिघींची नावं लिहून झाली. चौथं कुणाचं असायला हवं, हे मला ठाऊक नव्हतं का?

हा बँड मला नंदानं दिला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. वराळ्यात तिच्या घराच्या पडवीत टेप होता. एकच कॅसेट आम्ही इतकी ऐकली की फीत सैल पडायची, मग नंदा पेन्सिल घालून ती गुंडाळायची. ड्रमचा तुकडा आला की डब्याच्या झाकणावर हुबेहूब वाजवायची, वर गळा काढून गायची. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. "वैशे, एकदा तरी समोर उभं राहून ऐकायचं," म्हणायची. "दोघींनी." मी हो म्हटलं होतं.

आता नंदा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या करते. बोलते तशीच — मोठ्यानं, खुलून. शिल्पा आणि मेघना नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. मला आधीच दिसायला लागलं — नंदा गर्दीत गळा काढते आहे, बाटलीवर ड्रम वाजवते आहे, या दोघी एकमेकींकडं बघताहेत. मग माझ्याकडं.

मला तिची लाज वाटली. एवढंच ते कारण.

चौथं तिकीट मी मेघनाच्या नवऱ्याला दिलं आणि नंदाला फोन करून सांगितलं, तिकिटं संपली. वर — काय गरज होती? — तिच्या गुडघ्याचंही काढलं. चार तास उभं राहणं तुला झेपायचं नाही, म्हटलं.

"आगं, गुडघ्याचं काय घिऊन बसलीस," ती म्हणाली. "न्हाई मिळालं तर न्हाई. तू जा. नीट बघ, आन् मला समदं सांग."

तिथंच थांबलं असतं तर — पण थांबलं नाही. मेघनाचा नवरा ऐन वेळी आला नाही. चौथं तिकीट माझ्या पर्समध्ये. वराळे तिथून रिक्षानं दहा मिनिटं. आम्ही फाटकाबाहेर रांगेत अर्धा तास उभ्या होतो. जाऊन तिला घेऊन येण्याइतका वेळ होता. मी घड्याळ बघितलं, आणि रांगेत एक पाऊल पुढं सरकले.

अकराव्या गाण्याला फोन वाजला.

"वैशे! गच्चीवर आलेय. दोन जिने चढले, गुडघा धरत. हितं ऐकू येतंय गं! ड्रम लय झकास येतोय, गाणं तेवढं कळंना. जरा फोन वर धर की!"

"कोण आहे, वैशालीताई?" शिल्पानं विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणाले. आणि फोन बंद केला.

आधी म्हणाले, मग बंद केला. हा क्रम मला पक्का आठवतो. क्रम विसरणारी बाई मी नाही.

पुढचंच गाणं आमचं निघालं. सगळं मैदान गात होतं. मेघना — ती हळू बोलणारी मेघना — बेंबीच्या देठापासून ओरडत होती. तिच्याकडं कोण बघत होतं? कुणीच नाही. ड्रमचा तुकडा आला तेव्हा मी सवयीनं उजवीकडं वळले. तिथं एक अनोळखी पाठ होती.

दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत नंदाच म्हणाली, "गर्दीत रेंज जातीच गं." तिनं ऐकलं होतं का? मी विचारलेलं नाही. ती अजून लोकांना सांगते, वैशीनं माझ्या तिकिटासाठी लय खटपट केली. माझ्यादेखत सांगते. मी मान डोलावते.

तिनं एकच मागितलं होतं. कुठलं गाणं आधी, कुठलं मागनं, ते लिहून दे — तसंच लावून ऐकते म्हणाली. ती यादी माझ्या वहीत आहे. एकोणीस गाणी, क्रमानं. अकराव्यासमोर लिहिलंय — नंदाचा फोन. त्याच पानाला चौथं तिकीट टाचलेलं आहे, न फाडलेलं. नुसती गाणी उतरवून दिली असती तर काम पाच मिनिटांचं होतं. पण द्यायचं ते पानच, हे मला तेव्हाही कळत होतं.

दर रविवारी सकाळी मी आठवड्याची यादी करते. राहिलेलं काम पुढच्या पानावर उतरवते. आज आठ कामं आहेत. गॅस, दाखल्यांची फाईल, वलवणच्या मावशींची औषधं — सातांपुढं खूण होईल.

आठवं — वराळे, नंदाला पान देणे.