मी नोंदवलेला खड्डा

माझा राग नाकावर असतो हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरी कळायला सात वर्षं लागली, आणि कळलं ते थेट महापालिकेमार्फत.

मी घाटावरची, लग्न होऊन वसईच्या समुद्राकडच्या एका गावात आले. त्याला गाव म्हणायचं की शहर, हा प्रश्न इथे अजून सुटलेला नाही. माणिकपूरहून रिक्षात बसलं की दहा मिनिटं टॉवर, दुकानं आणि क्लासचे बोर्ड. मग चर्च लागतं, रस्ता वळतो आणि एकदम केळी, माड, पानवेली सुरू. कागदावर आम्ही शहरवासी. प्रत्यक्षात आमची कोंबडी रस्ता ओलांडून शेजारच्या प्रभागात अंडं घालते आणि ते कोणाचं, यावर अर्धा दिवस जातो. सासूबाईंना अजून ग्रामपंचायतीचे दिवस आठवतात. रस्त्यावरचा दिवा गेला की सरपंचाला ओट्यावर बोलवायचं, चहा पाजायचा आणि दोन शब्द सुनवायचे, की दुसऱ्या दिवशी दिवा लागायचा. आता मोबाइलवर ॲप आहे. ॲपला ओट्यावर बसवता येत नाही, अशी त्यांची मुख्य तक्रार आहे.

तर आमच्या फाटकासमोर रस्त्यात एक खड्डा होता. मी माणिकपूरला शाळेत शिकवते, रोज स्कूटीने जाते. परतीचा पाऊस चालू असताना एका सकाळी स्कूटी त्यात गेली, मागोमाग मी गेले आणि माझ्यामागून सहामाहीच्या तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा. अख्ख्या वर्गाचं नागरिकशास्त्र चिखलात. माझं डोकं फिरलं. तिथेच उभं राहून मी ॲप उघडलं. नकाशावर बोट टेकवून जागा दाखवायची होती. चिखलाचं बोट घसरलं आणि खूण रस्त्यावर न पडता चाळीसेक पावलं आत, आमच्या वाडीत पडली. बरोबर बावखलात.

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पूर्वी इथल्या बहुतेक जुन्या वाड्यांमधून असायचं, आता थोडीच उरलीत. समुद्र इतका जवळ की उन्हाळ्यात आमची विहीर मचूळ होते, बावखल तेवढं गोडं राहतं. सासूबाईंचा सोनचाफा, केळी, अळू, सगळं त्याच्या जिवावर. सासरे गेल्यावर त्याच पाण्यावर त्यांनी तीन मुलं वाढवली. पण रागात नकाशाकडे कोण बघतं? मी शेरा लिहीत सुटले: ‘अनेक वर्षांपासूनचा मोठा खड्डा. कायम पाणी साचलेले असते. डासांचा त्रास. तातडीने भराव टाकून बुजवावा.’ माझं मराठी चांगलं आहे, तेच नडलं.

तीन आठवड्यांनी टेप घेऊन एक गृहस्थ आले. मी शाळेत होते. सरकार बावखलं मोजतंय, म्हणजे काहीतरी चांगलंच करणार, असं समजून सासूबाईंनी त्यांना शहाळं दिलं. त्यांनी लांबी-रुंदी घेतली. इतकी वर्षं नोकरी केली पण एवढा मोठा खड्डा पाहिला नाही, असं म्हणाले, आणि जाताना फाटकासमोरच्या खऱ्या खड्ड्यात त्यांची मोटरसायकल आदळली. तरी त्यांना शंका आली नाही.

पुढच्या आठवड्यात फाटकावर कागद चिकटला. नागरिकाच्या तक्रारीनुसार सदर खड्डा सोमवारी भराव टाकून बुजवण्यात येईल. सासूबाईंनी तो दोनदा वाचला आणि ओट्यावर बसून राहिल्या. दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी गुन्हेगार शोधला होता. माझे चुलत दीर. त्यांची वाडी आमच्या शेजारी, आणि कुंपणावरून जुनी कुरबुर होतीच. त्यांच्या घरून आलेलं वालाचं बिरडं परत गेलं. तेव्हापासून त्यांचं नावच पडलं ‘नागरिक’. ते रस्त्याने दिसले की सासूबाई मोठ्याने म्हणायच्या, नागरिक चालला बघ. नागरिकाने नवीन शर्ट घेतला बघ. इतक्या जहालपणे वापरलेला हा शब्द मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवत आले होते.

तो नागरिक कोण, हे मला माहीत होतं. तक्रार मिळाल्याचा मेसेज माझ्याच फोनवर होता. शनिवारी मी गुपचूप प्रभागाच्या ऑफिसात गेले. तिथले कारकून भले होते. म्हणाले, तक्रार दोनच प्रकारे बंद होते. एकतर काम झालं म्हणून, नाहीतर तक्रारदाराने जागेवर येऊन, साहेबांसमोर खड्डा नाही असं लिहून दिलं म्हणून. फोनवरून नाही का होणार, असं मी विचारलं. फोनवरूनच झालंय ना हे सगळं बाई, असं ते म्हणाले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तुझं तू बघ, आणि सोमवारी नेहमीपेक्षा एक गाडी आधीच निघून गेला. आमच्या घरात शौर्य हे असं आहे.

रविवारी मी तीनदा तोंड उघडलं. पण सासूबाई बावखलाच्या पायरीवर बसून पाण्यावर पडलेली पानं एकेक करून काढत होत्या. दुसऱ्या दिवशी बुजणारं पाणी त्या स्वच्छ करत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरीही मी बोलले नाही. लाज वाटते सांगायला, पण घाबरले होते.

सोमवारी डंपर आला. सोबत अभियंता साहेब. सासूबाई फाटकात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. कोणी बोलावलं नसताना चुलत दीरही आले, खुर्चीशेजारी उभे राहिले आणि आधी माझ्या अंगावर भराव टाका म्हणाले. सासूबाईंनी मान न वळवता त्यांना सांगितलं की नागरिकाने गप्प बसावं. साहेब बिचारे चांगले होते, पण हातात कागद होता. त्यांनी तक्रार वाचायला घेतली. अनेक वर्षांपासूनचा मोठा खड्डा. जमलेले सगळे दिरांकडे बघू लागले. दीर खाली बघू लागले. आता खाली तक्रारदाराचं नाव येणार होतं.

“ती तक्रार माझी आहे,” मी म्हटलं.

मग स्कूटी, चिखल, घसरलेलं बोट, सगळं एका दमात सांगितलं. साहेबांनी कागद पुढे केला. डंपरच्या बॉनेटवर ठेवून मी लिहिलं: येथे खड्डा नाही, बावखल आहे, तक्रार माझ्या चुकीने झाली. खाली सही केली. साहेबांनी डंपरवाल्याला गाडी मागे घ्यायला सांगितलं.

सासूबाई खुर्चीतून उठल्या. दिरांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. मग माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्यांनी आवाज चढवला नाही.

“बाय, तुझ्या माहेरी पान्याचा टँकर येतो ना?”

मी हो म्हटलं. मार्चपासून येतो. लहानपणी मी आईबरोबर हंडा घेऊन त्याच्या रांगेत उभी राहिलेय, एका कळशीसाठी भांडलेय.

“तुमच्याकडे पान्याचा येतो,” त्या म्हणाल्या, “आनि तू आमच्याकडे मातीचा आनलास.”

मला सगळ्यांसमोर रडू फुटलं. सासूबाईंनी मला रडू दिलं. मग चाफ्याला दोन दिवस पाणी घातलेलं नाही म्हणाल्या आणि बावखलावरच्या पंपाची चावी माझ्या हातात ठेवली. सात वर्षांत ती चावी त्यांनी कोणाला दिली नव्हती.