पेढा भरवायचा असतो

वहिनींनी चौघींना पेढा भरवला. माझ्या हातावर वरून टाकला.

डोंबिवलीतल्या आमच्या शाळेचा हॉल. देशभरातल्या शालेय बास्केटबॉल खेळाडूंतून सर्वोत्तम मुली निवडल्या होत्या, त्यात माझं नाव आलं होतं. राष्ट्रीय सन्मान. तो दिल्लीला जाऊन घ्यायचा होता, त्याआधी शाळेने सत्कार ठेवला. टीममधल्या चौघींनाही स्टेजवर बसवलं. आपल्याकडे सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ आणि शेवटी पेढा. तो भरवायचा असतो. फोटो निघेपर्यंत हात तोंडाशी धरून ठेवायचा असतो.

वहिनी म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांच्या पत्नी. शाळा त्यांची, बास्केटबॉलचं कोर्ट त्यांचं, मागच्या बिल्डिंगीही त्यांच्याच. एकेकीची हनुवटी धरून त्यांनी पेढा भरवला. मी शेवटची. मी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, "हात पुढे कर." केला. पेढा पडला. त्यांनी रुमालाला बोटं पुसली. माझं तोंड उघडंच राहिलं होतं. तेच आजही सगळ्यात जास्त लागतं.

फोटोग्राफर म्हणाला, "वहिनी, हिला भरवताना पण एक घेऊ ना."

"तिचं तिला खाऊ दे. मोठी प्लेअर झालीय आता."

हॉल हसला. मागच्या रांगेत आई बसली होती. ती कल्याणला महापालिकेत सफाईचं काम करते. रजा टाकून आलेली, ठेवणीतली साडी नेसून. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून तिनेही वाजवल्या.

आमची जात सगळ्यांना ठाऊक होती. बोलत कुणी नव्हतं. टीमची पाण्याची बाटली एक, सगळ्या तोंड लावून प्यायच्या. माझ्याकडे आली की कुणीतरी म्हणायचं, "ए, वरून पी हां." मला वाटायचं, सर्दीबिर्दी होईल म्हणून सांगतात. इतकी वर्षं मी त्या सर्दीवर विश्वास ठेवला. मॅच जिंकली की त्याच मुली घामाने निथळत गळ्यात पडायच्या, मग दुसरं काही मनात येणार तरी कसं. त्या दिवशी स्टेजवर आलं.

मी पेढा ताटात परत ठेवला. म्हटलं, "वहिनी, पेढा भरवायचा असतो. नाहीतर नको मला."

वहिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "यांना वर आणावं, तर हे असं."

दुसऱ्या दिवशी कोर्टच्या गेटला कुलूप. आमचे कोच सर बाहेर उभे. माणूस चांगला. मला खेळ त्यांनीच शिकवला. म्हणाले, "अगं, त्यांच्या घरी जा, सॉरी बोल, विषय संपव. दिल्लीनंतर लगेच देशाच्या टीमचा कॅम्प आहे तुझा. प्रॅक्टिस कुठे करणारेस?"

"सर, तुम्हाला दिसलं ना?"

"दिसलं."

"मग?"

"मग काय. मला पण इथेच नोकरी करायचीय."

घरी आले. आई भात वाढत होती. म्हणाली, "खाऊन टाकायचा ना गं. मी काय काय गिळलंय, तुला काय माहीत."

मी विचारलं, "काय गिळलंस?"

पहिल्यांदाच विचारलं. मग ती सांगत बसली. ती झाडते त्या गल्लीतल्या सोसायटीच्या जिन्याखाली तिच्यासाठी ठेवलेला वेगळा कप. दिवाळीला वर्तमानपत्रात गुंडाळून दाराबाहेर ठेवलेला फराळ. "घे गं तिथलं" म्हणणारी ताई, जिच्या बाळाला हिने ताप असताना रिक्षाने दवाखान्यात नेलं होतं. रागाने नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. ताटातला भात गार झाला. तोवर मी कोर्टसाठी रडत होते. मग आईसाठी रडले. ती मात्र रडली नाही, तिला सवय होती.

सॉरी बोलायला मी गेले नाही.

ठाकुर्लीला एका मैदानात गंजलेली रिंग होती, जाळी नसलेली. खाली खडी. तिथे एकटी खेळले, गुडघे फोडून घेतले. दिल्लीला सन्मान मिळाला. कॅम्पमधून मात्र घरी पाठवलं. प्रॅक्टिस तुटली होती, ते पहिल्याच मॅचला दिसलं. देशाच्या टीममधून खेळायचं राहिलं ते राहिलंच. उगाच खोटं कशाला बोलू, ते दुःख गेलेलं नाही.

शाळेने मात्र माझा फोटो दर्शनी भिंतीवर लावलाय. खाली लिहिलंय, 'आमची कन्या'.

परवा सरांचा फोन आला. यंदाच्या मुलींचा सत्कार आहे, पाहुणी म्हणून ये. वहिनीही असतील. "झालं गेलं विसर आता."

मी म्हटलं, "येते. आई स्टेजवर बसेल, वहिनींच्या शेजारच्या खुर्चीत. आणि तिच्यासमोर तिच्या लेकीच्या हातावर पेढा वरून टाकला म्हणून वहिनी सगळ्यांसमोर तिची माफी मागतील."

"असं कसं होईल गं?"

"मग फोटो उतरवा."

सर म्हणाले, "विचारून सांगतो." अजून काही सांगितलेलं नाही.

सत्काराच्या दिवशी मी जाणार आहे. बोलावलं तरी, नाही बोलावलं तरी. आई शेजारी असेल. माफी मागितली तर ऐकून घेऊ. नाही मागितली तर भिंतीवरची ती 'कन्या' त्या मुलींच्या देखत मी माझ्या हाताने उतरवीन, आणि का उतरवली तेही त्यांना सांगेन.