संस्थेचा रकाना

७ जुलै २०२५, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. आष्ट्याहून माणकडे निघालो. पंचावन्न वर्षांपूर्वी माण सोडले तेव्हा वडील म्हणाले होते, "कुनी इचारलं तर बापाचं नाव सांग, गावाचं नगं. गावाचं ऐकून दारातच हुबं करत्यात." निरोप एवढाच. मी आज्ञा पाळली. मेंढ्यांच्या वंशावळीवर संशोधन करून निवृत्त झालो आणि उसाच्या मुलखात घर बांधले.

माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांना सांगतो: संशोधनातील सहकार्य बुद्धीने जुळत नाही, रस्त्याने जुळते. आमच्या निबंधावर परदेशातील दोन नावे, पुण्याची दोन, शेवटी माझे. विमानतळापासून माणूस जितका लांब, तितके त्याचे नाव खाली. पुण्याचे सहकारी साताऱ्याच्या हॉटेलापर्यंत येत. पुढचे माण त्यांनी माझ्या तक्त्यांतच पाहिले. ते तक्ते माझा धाकटा भाऊ धुळा याच्या तोंडून उतरवलेले. कोणती मेंढी कोणाची लेक, कोणती दुष्काळात तगली, सारे त्याला पाठ. निबंधात तो फक्त 'स्थानिक मेंढपाळ'. नावांच्या यादीला माझी संमती कळवण्याची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती. मी हरकत घेतली, तेव्हा पुण्याहून उत्तर आले, "सर, त्यांची संस्था काय लिहायची? तो रकाना भरल्याशिवाय नियतकालिकाचा अर्ज पुढे जात नाही."

नाव घालायचे तर धुळाला विचारणे भाग होते. पोचलो तेव्हा तो मेंढवाड्यात होता. ऐकून हसला.

"आवं दादा, तुमच्या पयल्या पुस्तकात तरी कुठं हुतं माजं नाव? तवा काय रकाना आडवा आला हुता व्हय?"

पहिले पुस्तक म्हणजे माझा प्रबंध. तो मी नोंदींसाठी येऊन याच वाड्यात, त्याच्या भाकरी खात लिहिला होता. पुणेकरांवरचा राग मी कमी केला नाही. त्यात स्वतःवरच्या रागाची भर घातली.

"आता घालू का?"

"घाला की. पर मेंढपाळ-बिंढपाळ नगं, धुळा म्हनूनच घाला. मेंढरांस्नीबी नावं हायती."

मोबाइलवर अर्ज भरला. पहिले नाव धुळाचे. संस्था: मेंढवाडा, तालुका माण. खाली लिहिले की क्रम बदलल्यास तक्ते परत घेईन. रेंजसाठी टेकडी चढलो आणि पाठवले. सायंकाळपर्यंत पुण्याहून उत्तर नव्हते.

माझी चूक तोंडावर सांगणारा माणूस आष्ट्यात नाही, इथे आहे. घर या शब्दाचा मला आता एवढाच अर्थ उरला आहे.

खाली आलो. एका मेंढीचा खूर सडला होता. धुळाने तिला धरले. मी तिचा पाय मोरचुदाच्या पाण्यात बुडवला.