फुंकरबाई

आमचे हे गादीच्या कारखान्यात कापूस पिंजतात. विडी सोडा म्हणून मी उभा संसार कानीकपाळी ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी. आणि दवाखान्यातल्या त्या नर्सने यांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं, छाती बिघडलीय म्हणून एकदाच सांगितलं, तर गड्याने त्याच दिवशी विड्यांचं बंडल कचऱ्यात टाकलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बाईचं नाव मी फुंकरबाई ठेवलं.

मग रोजचंच सुरू झालं. सिस्टर म्हणाल्या, औषधाचा पंप ओढल्यावर श्वास धरून ठेवायचा. सिस्टर म्हणाल्या, कामावर नाकाला फडकं बांधायचं. अहो, हेच मी सांगत होते तेव्हा कानात बोळे घातले होते का? यांचा दम कमी झाला, खोकला गेला, तरी दर मंगळवारी दाढी घोटून स्वारी दवाखान्यात हजर. बरं वाटतंय तर जाता कशाला, विचारलं, तर म्हणे सिस्टरांचं बोलणं फार गोड. यांचे कापसाने माखलेले कपडे रोज संध्याकाळी मी खोलीतच झटकते. त्या दिवशी असे आपटले की खोकल्याची उबळ आली. ती मला नेहमीचीच, तिला कोण विचारतो.

परवाच्या मंगळवारी मात्र डोक्यावरून पाणी गेलं. यांच्या मागोमाग मीही निघाले. चढावर दोनदा थांबावं लागलं, रागाने धाप लागली होती. हे बाहेर बाकावर बसलेले. त्यांच्याकडे न बघता मी थेट आत घुसले.

फुंकरबाई निघाली माझ्याच वयाची, ठेंगणी. मी तोंड उघडलं, पण शब्दाआधी खोकलाच आला. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि थोड्या वेळाने नळी पुढे केली. फुंकले. तीनदा फुंकले. यांचे कपडे घरी कोण झटकतं, तिने विचारलं. मग म्हणाली, त्या धुळीने तुमचीही छाती धरलीय, पण औषधाने आवरेल.

"माझ्या नवऱ्याला दर मंगळवारी काय पढवता?" मी विचारलं.

"त्यांची तपासणी केव्हाच संपली. तुम्हाला इथे कसं आणायचं, एवढंच विचारायला येतात. मागच्या वेळी म्हणाले, बोलावून ती यायची नाही, भांडायला मात्र नक्की येईल."

मी पंप घेऊन बाहेर आले. हे बाकावरून उठले.

"फुंकून आकडा किती आला?"

"तुमच्याहून कमी," मी म्हटलं. आणि खरं सांगते, यांच्या आकड्याचाही मला हेवा वाटला.