पाचावर कोण?

माझ्या सासूबाई वेताच्या खुर्च्या विणतात. विणायच्या नव्हे, अजून विणतात. हे मी ठासून सांगते, कारण मध्यंतरी ते कायमचं थांबायची वेळ आली होती. त्यांच्या नजरेतला मधला भाग गेलाय, फक्त कडेकडेचं दिसतं. समोरच्याचा चेहरा बघायचा तर त्या त्याच्या कानाकडे बघतात, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, बाईंचं लक्षच नाही. हात मात्र ठणठणीत आहेत. चौकटीच्या भोकांतून भिजवलेली वेताची पट्टी ओवायची, ताणायची, पुन्हा ओवायची, हे त्या माझ्याशी वाद घालता घालता करतात आणि वरून वादही जिंकतात.

त्या एकट्या राहतात. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली रस्ता, रस्त्यावर दिवसभर गाड्यांचा गोंगाट. मोठे दीर म्हणजे आमच्या घरातलं काळजी खातं. आईला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी भला मोठा काचेचा फोन आणून दिला. त्या काचेवर सासूबाईंच्या बोटांना काही म्हणजे काही लागेना. "सगळीकडे सारखंच गुळगुळीत. यात हात धरायला आहे काय?" असं त्या म्हणायच्या आणि आम्ही हसण्यावारी न्यायचो.

मग एका दुपारी वेत भिजवायच्या टबाशी त्यांचा पाय घसरला. गुडघा मुरगळला, उठता येईना. फोन खिशातच होता. मी संध्याकाळी सहज म्हणून गेले, माझ्याकडच्या चावीनं दार उघडलं, तर त्या भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसलेल्या. मी पिशवी टाकून धावले. त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस, मोडलं नाही काही. पण हे मेलं एकालाही लागलं नाही." ओरडून घसा बसला होता. खाली गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? नंतर दिरांनी फोन तपासला. त्यात छताचे ढीगभर फोटो निघाले.

झालं. दिरांनी निर्णय जाहीर केला, आई आता आमच्याकडे राहणार. त्यांचं घर छान आहे, मी नावं ठेवणार नाही. पण तिथे पाण्याचा टब ठेवायला जागा नाही आणि चकचकीत फरशीवर वेत सोलायची सोय नाही. "खुर्च्या पुरे झाल्या आई, आता आराम कर," दीर म्हणाले. ते गेल्यावर सासूबाईंनी मला हळूच विचारलं, "अगं, आराम म्हणजे नेमकं करायचं काय असतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली. मला साधा, बटणांचा फोन आणून द्या. तुमच्यासमोर, कुणाच्या मदतीशिवाय मी फोन लावून दाखवला, तर इथेच राहीन. नाही जमलं तर मुकाट्यानं बॅग भरीन.

त्या फोनवरून घरात जी चर्चा झाली, तेवढी माझं लग्न ठरताना झाली नव्हती. वन्सं म्हणाल्या, "आई, व्हिडिओ नाही त्यात. तुझं तोंड कसं दिसणार मला?"

"माझं तोंड आता काय बदलणार आहे?"

"तू कुठे आहेस ते आम्हाला कळणार नाही," दीर म्हणाले.

"घरात आहे. आणखी कुठे जाते मी?"

माझा नवरा तसा मुखदुर्बळ, पण त्यानंही बाजू मांडली. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको, पडला तर फार तर मागचं झाकण निघेल, ते पुन्हा बसवायचं. सासूबाईंनी मात्र त्यातली खोट लपवली नाही. "नातवाची गाणी यायची त्या मोठ्या फोनवर. ती आता यायची नाहीत. तेवढं जिवाला लागेल," त्या म्हणाल्या.

फोन मीच आणला. त्यावरच्या पाचाच्या बटणावर बारीकसा ठिपका उठलेला असतो, तो बोटाला बरोबर लागतो. न बघता सापडणारं तेच एक बटण. ते दाबून धरलं की ठरवलेल्या माणसाला थेट फोन. हे कळलं मात्र, आणि भावंडांत जुंपली. पाचावर कोण? दीर म्हणाले, मी मोठा. वन्सं म्हणाल्या, मी एकुलती एक मुलगी. माझा नवरा रात्री जेवताना फुगून बसला होता. सासूबाई मग मला घेऊन त्या दुकानात गेल्या, मला बाहेर उभं करून दुकानदाराकडून नंबर घालून घेतला आणि कुणाचा ते कुणालाच सांगितलं नाही, अगदी मलाही नाही.

ठरल्या दिवशी सगळे जमले. तिन्ही भावंडांनी आपापले फोन टेबलावर मांडले. सासूबाईंनी फोन हातात घेतला, अंगठा बटणांवरून फिरवला आणि दाबून धरला. सगळे टेबलाकडे टक लावून बसले.

एकही फोन वाजला नाही.

वन्संनी डोळ्यांना पदर लावला. दिरांनी घसा खाकरला. "राहू दे आई. वाईट वाटून घेऊ नकोस, तुझी खोली तयार आहे," ते म्हणाले. सासूबाईंनी फोन मांडीवर ठेवला. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात जिना धडधडला आणि दारात खालचा पंक्चरवाला उभा. हात काळे, दम लागलेला. टबातलं पाणी त्याच्या छपरावर गळतं म्हणून याचं आणि सासूबाईंचं वर्षानुवर्षं भांडण. दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत.

"काय झालं? पडलात काय परत?" तो ओरडला.

"नाही रे. परीक्षा होती," सासूबाई म्हणाल्या.

"एवढ्यासाठी ट्यूब अर्धी टाकून पळत आलो? आता चहा तरी पाजा."

मी चहा टाकला. दीर अजून सावरले नव्हते. "आई, आम्ही तिघं असताना हा?"

"तू येणार तासाभरानं. ही परगावी. आणि धाकटा फोन उचलतो तरी का? हा सकाळपासून अंधार पडेपर्यंत जिन्याखाली बसलेला असतो. भांडतो, पण धावतो. तुम्ही आहात पाचाच्या आजूबाजूच्या बटणांवर. गप्पा मारायला लावीन."

दिरांनी पाठ खुर्चीला टेकली, फोन उचलून खिशात घातला. वन्सं हसल्या. नवऱ्यानं बशीतलं बिस्किट उचललं. मलाही किती हायसं वाटलं म्हणून सांगू! सासूबाई आपल्या घरात राहणार, याचं तर वाटलंच. पण खोटं कशाला बोलू, अचानक फोन वाजला तर पहिली धाव आता एकट्या आपल्यावर नाही, याचंही वाटलं. आणि तेच समोरच्या तिघांच्या तोंडावर मला स्वच्छ दिसत होतं.

सासूबाईंना चेहरे नीट दिसत नाहीत. तरी त्या म्हणाल्या, "सुटलात ना सगळे?"

आम्ही चौघंही चहाच्या कपात बघू लागलो.

"अरे, लाजता काय? मीपण सुटले."