जाहिरातीतली मल्लव्वा

१४ ऑक्टोबर १९७४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. नव्या पेठेत आमच्या शेठजींच्या चादरींच्या नव्या दुकानाचे उद्घाटन. पांढऱ्या गादीवर मल्लव्वा बसलेली. हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, मांडीवर देवीची परडी. शेजारी शेठजी. त्यांनी तिच्या खांद्यावर चादर पांघरली, छायाचित्रकाराने हसायला सांगितले, दोघे हसले. फ्लॅश उडाला.

शेठजी तत्काळ उठले आणि रुमालाला हात पुसले. मॅनेजरने मल्लव्वाच्या खांद्यावरची चादर दोन बोटांनी उचलून घेतली.

"सँपलचा पीस आहे. फोटोपुरता."

ती दुकानाची पायरी उतरत असतानाच, तिच्या देखत, गादीची खोळ काढली गेली आणि बोचके करून माझ्या हातात देण्यात आली.

"मॅडम, कारखान्यात जाताना घेऊन जा. डबल ब्लीच लावायला सांगा."

मी शेठजींच्या चादरींच्या कारखान्यात, रंगखात्यात केमिस्ट होते. बी.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम वर्ग. मी खोळ उलगडून दोन्ही बाजूंनी तपासली.

"स्वच्छ आहे," मी म्हणाले. "एकही डाग नाही."

"तुम्हाला नाही कळायचं. कोण बसलं होतं त्यावर?"

ब्लीच कशासाठी लावतात, हे मला शिकवले गेले होते. माणूस बसल्याची खूण काढण्यासाठीही लावतात, हे त्या दिवशी कळले. मी ती खोळ मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि निघाले. मागाहून ती दुसऱ्या कुणाकरवी कारखान्यात पोचलीच.

मल्लव्वा मूळची मैंदर्गीची. जन्मली मुलगा म्हणून, नाव मल्लप्पा. वयात येताना घरच्यांनी देवीला सोडले; तेव्हापासून लुगडे नेसते, बाई म्हणून जगते, जोगवा मागते. तिने मला एकदा सांगितले होते, "देवीनं नुसतं नाव बदललं अक्का. बाई तर मी आदीपासनंच हुते." आमच्या भागात दुकान उघडताना, माग बसवताना जोगत्याच्या हातचा भंडारा लागतो. त्यात नवे काही नव्हते. नवी होती ती जाहिरात.

रविवारच्या वर्तमानपत्रात तो फोटो छापून आला. खाली ठळक अक्षरांत: "आमच्या दारी कोणी परका नाही." हिशेब सरळ होता. अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्या भाविक गिऱ्हाइकाला त्यात देवी दिसावी, आणि शहरातल्या शिकलेल्या गिऱ्हाइकाला शेठजींचे मोठे मन. एकाच फोटोत दोन्ही गिऱ्हाइके. शेठजी सत्कार स्वीकारू लागले. समाजाने झिडकारलेल्यांना आपण कसे जवळ केले, यावर त्यांनी एका क्लबात भाषणही केले.

दिवाळीत तीच जाहिरात सिनेमाच्या पडद्यावर स्लाइड म्हणून आली. मी आणि विमल शेजारी बसलो होतो. मल्लव्वाचा चेहरा पडदाभर उमटला तशा शिट्ट्या सुरू झाल्या. मागून कोणीतरी तिच्यासारखी टाळी वाजवली. थिएटर हसले.

विमल हसली नाही. "निदान छापलं तरी त्यांनी," ती अंधारात म्हणाली. "एवढं तरी कोण करतं गं?"

विमल म्हणजे कोण, हे इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढचे सगळे त्यावरच घडले. ती मंगळवेढ्याची, इथल्या शाळेत शिक्षिका. ठरलेले लग्न मोडून घरातून निघाली आणि माझ्याकडे आली. आम्ही एकत्र राहतो. मला तिच्यावाचून आणि तिला माझ्यावाचून राहायचे नाही. या नात्याला आमच्या गावात शिवी आहे. दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

दिवाळीनंतर घरमालकीण दारात आली. आत न येता बोलली.

"दोघी बायका आन् खाट एकच. शेजारीपाजारी इचारत्यात, काय सांगू मी? महिनाअखेर जागा सोडा बाई."

त्यानंतर आम्ही जिथे जिथे खोली पाहिली तिथे तिथे ती बातमी आमच्याआधी पोचलेली असे. कारखान्याच्या कॉलनीत मात्र दोन खोल्यांचे एक क्वार्टर रिकामे होते, आणि केमिस्टला क्वार्टर द्यायचे हा तिथला नियम होता. खोळ मी विसरले नव्हते. पण जाहिरातीतला दावा छापील होता, जाहीर होता. दावा असेल तर तो तपासता येतो. मी शेठजींच्या खोलीत गेले आणि क्वार्टर मागितले. सोबत कोण राहणार तेही सांगितले.

"बहीण का?" शेठजींनी विचारले.

"नाही."

"मग मावसबहीण, आतेबहीण?"

"नात्यातली नाही. आम्ही दोघी एकत्र राहतो. पुढेही राहणार आहोत."

शेठजींनी मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजरने छताकडे.

"मग तुमच्या दोघींत नवरा कोण?"

मॅनेजर आधी हसला. मग शेठजी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी उभीच होते. खुर्चीवर बसा असे कोणी म्हटले नव्हते. माझ्या नोकरीला दोन वर्षे झाली होती. त्यांच्या चादरींचा जांभळा रंग धुण्यात उतरत असे तो मी थांबवला होता. त्या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता.

"आपल्या जाहिरातीत लिहिलं आहे, कोणी परका नाही," मी म्हणाले.

"अहो, त्या जोगत्याचं वेगळं असतं की. देवाचं माणूस ते. दारात येतं, भंडारा लावतं, निघून जातं. तुम्ही कॉलनीत राहणार. चार लोकांच्या लेकीबाळींत. ते कसं चालायचं?" मग आवाज मऊ झाला. "असं करा. कागदावर बहीण लावा. क्वार्टर आजच देतो. आणि गड्ड्याच्या जत्रेतल्या जाहिरातीला तुमचा फोटो घेऊ. पांढरा कोट, हातात नळी. शेजारी मल्लव्वा. बाई केमिस्ट आणि जोगती एका फोटोत. पुण्याचे जाहिरातवाले म्हणतात, हल्ली लोकांना असलं लई आवडतं."

किळस हा शब्द मी सहसा वापरत नाही. तो मोजता येत नाही. पण त्या क्षणी मला आली ती किळसच होती, आणि ती त्यांच्या हसण्याची नव्हती. त्या मऊ आवाजाची होती. हसताना निदान त्यांनी आम्हाला नाकारले होते. आता ते आम्हाला वापरायला घेत होते.

घरी विमलला सांगितले. ती वह्या तपासत होती. लाल पेन खाली न ठेवता म्हणाली, "बहीण व्हायला मी मंगळवेढ्याहून आले नाही."

मी शेठजींना होकार कळवला नाही, नकारही नाही. त्यांनी होकार गृहीत धरला.

गड्ड्याची जत्रा तोंडावर आली तेव्हा छायाचित्रकार प्रयोगशाळेत दिवे लावू लागला. मल्लव्वा सकाळपासून गेटाबाहेर उन्हात बसवलेली होती. आत आली तेव्हा ओठ सुकलेले. मी तिला माझ्या स्टुलावर बसवले, पिंपातले पाणी माझ्या पेल्यात घेऊन दिले.

"मॅडम," मॅनेजर म्हणाला, "ते पिंप सगळ्यांचं आहे."

"म्हणूनच त्यातलं दिलं."

मल्लव्वा पाणी प्यायली आणि हसली. "मागल्या टायमाला च्या दिल्ता की अक्का. गेटाभायेर. प्याले, आन् वाचमननं कप फोडला. तवा कळलं, कप माझा एकटीचा हुता."

"सिनेमात तुमचा फोटो दाखवतात, ठाऊक आहे का?"

"ठावं हाय की. लई छान दिसते म्हणं. पोरं शिट्ट्या मारत्यात."

"तुम्ही पाहिलात?"

"मला कोण आत सोडतंय अक्का? डोअरकीपरच हाकलतोय."

ती हे तक्रारीच्या सुरात बोलली नाही. परडीतला भंडारा सारखा करत बोलली. मी मॅनेजरकडे पाहिले. तो छायाचित्रकाराला दिवा कुठे ठेवायचा ते दाखवत होता. त्याने ते वाक्य ऐकले होते. त्याला त्यात ऐकण्यासारखे काही वाटले नव्हते.

शेठजी आले, सोबत दोन व्यापारी. सगळे मनासारखे मांडले गेले. मी, मल्लव्वा, मध्ये नळ्यांचा स्टँड.

"हसा मॅडम."

"फोटो काढा," मी म्हणाले. "पण त्याखाली मी सांगते ते छापा. या बाईला आम्ही क्वार्टर नाकारले, कारण ती आपल्या मैत्रिणीला बहीण म्हणायला तयार नाही. आणि हिच्या खांद्यावरची चादर आम्ही परत घेतली, ती बसलेली खोळ धुवायला टाकली आणि ती प्यायलेला कप फोडला. हे छापणार असाल तर मी हसते."

 व्यापाऱ्यांपैकी एकाने घड्याळात पाहिले.

"कोट काढा आणि चालत्या व्हा," शेठजी म्हणाले.

"कोट माझा आहे. मी शिवून घेतला आहे."

मल्लव्वा उठली. परडी डोक्यावर घेतली. दारापाशी वळून, आशीर्वाद द्यावा तसा हात करून म्हणाली, "शेठ, इस्टूल धुवून घ्या. ह्या टायमाला दोगीजणींचं."

त्या जानेवारीत मल्लव्वाला तिच्याच गल्लीत जोगवा मागायला बंदी करण्यात आली. माझी नोकरी गेली. विमलच्या मुख्याध्यापकांनी तिला दोनदा बोलावून "घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारले आहे, तिसऱ्यांदा काय विचारतील, याची आम्हाला कल्पना आहे. जाहिरात मात्र निघाली. पांढऱ्या कोटात मॅनेजरची भाची आहे. परीक्षानळी तिने उलटी धरली आहे. शेजारी मल्लव्वाचा जुनाच फोटो कापून चिकटवला आहे, आणि शब्द तेच आहेत. शहरात त्या दुकानाचे नाव आजही उदार म्हणून घेतले जाते.

मी आता शिकवण्या घेते आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाची तयारी करते. आम्हाला मिळाली ती एकच खोली, गावाबाहेर, पत्र्याची. मालकाला आम्ही आधीच सर्व सांगितले. तो म्हणाला, "पत्रा तापतो, नंतर कुरकुर नको." दुसरी अट घातली नाही. जाहिरातही केली नाही.

दारावर आमची दोन नावे आहेत. एकाखाली एक, पूर्ण. नाते लिहिलेले नाही, आणि कोणाच्याही सोयीसाठी ते लिहिले जाणार नाही. मार्चमध्ये एका गिरणीच्या कॉलनीत मला जागा देऊ केली गेली, कागदावर बहीण लावायची तीच अट ठेवून. मी नाही म्हणाले. या उन्हाळ्यातही नाहीच म्हणणार आहे, आणि पुढच्यातही.

भिंतीवर तापमापी टांगली आहे. रोज दुपारी तीन वाजता मी नोंद करते. काल, खोलीच्या मध्यभागी, दार उघडे ठेवून: ४४.५ अंश सेल्सिअस.